ठाण्याखालचं मढं

सिनेमावर लिहून काय होणार, असं आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात. केसेस तुंबल्यात, पोरांना जामीन मिळंना, आणि हा पिक्चरवर लिहितोय. त्यांना माझं उत्तर साधं आहे. आपली पोरं आपल्या कविता वाचतात त्याच्या शंभरपट पिक्चर बघतात. पोलीस म्हणजे काय, कोर्ट म्हणजे काय, साक्षीदार कसा असतो, पुरावा कसा असतो, हे सगळं ती पिक्चरमधून शिकतात. उद्या हीच पोरं कुणा बाईची फिर्याद घेऊन ठाण्याची पायरी चढणार. तेव्हा त्यांच्या डोक्यात काय भरलेलं असेल ते बघणं आपलं काम आहे. पांढरपेशा समीक्षकांनी 'श्वास रोखून धरायला लावणारा' म्हणून या पिक्चरची पाठ थोपटली आणि ते जेवायला गेले. आपल्याला तसं उठून जाता येत नाही.

पिक्चर 'दृश्यम'. मूळचा मल्याळम, २०१३ सालचा. लिहिला आणि केला जीतू जोसेफनं, नायक मोहनलाल. मग तो कन्नड, तेलुगू, तमिळमध्ये झाला. २०१५ साली हिंदीत आला तो मराठी दिग्दर्शक निशिकांत कामतच्या हातून. अजय देवगण आणि तब्बू. पुढं सिंहलीत झाला, चिनीतही झाला. इतक्या भाषांतली माणसं ज्या गोष्टीला टाळ्या देतात, तिच्यात काहीतरी खरं असणार. ते खरं काय आणि त्याचं पुढं काय केलंय, एवढंच मला बघायचंय. मी बोलतोय ते हिंदी पिक्चरबद्दल. आणि शेवट उघड करूनच बोलणार. तो झाकून या पिक्चरबद्दल खरं बोलताच येत नाही.

गोष्ट अशी. गोव्यातलं एक गाव. विजय साळगावकर, अनाथ, चौथी नापास, केबलचा धंदा. रात्र रात्र ऑफिसात बसून पिक्चर बघतो. बायको, दोन मुली. थोरल्या मुलीचा, अंजूचा, अंघोळ करतानाचा व्हिडिओ एका श्रीमंत पोरानं मोबाईलवर काढलेला. तो घेऊन तो रात्री घरी येतो. आई हातापाया पडते, तर आईवरच नजर टाकतो. अंजू लोखंडी दांडा उचलते. पोरगा मरतो. मायलेकी त्याला घरामागच्या खड्ड्यात पुरतात. तो पोरगा निघतो आयजी मीरा देशमुख हिचा मुलगा. बापाला कळतं तेव्हा तो सगळं हातात घेतो. गाडी पाण्यात बुडवतो, मोबाईलचा माग भलतीकडं पाठवतो आणि घरच्यांना एक धडा पाठ करून घेतो. २ ऑक्टोबरला आपण सगळे पणजीला सत्संगाला गेलो होतो. लॉजवर राहिलो, हॉटेलात जेवलो, पिक्चर बघितला, बसनं परत आलो.

आता कसब बघा. यात खून कुणी केला हे सुरुवातीलाच कळतं. लपवलंय दुसरंच. पणजीची सहल खोटी नाही, तारीख खोटी आहे. ती माणसं खरोखर गेली, पण खुनाच्या नंतर. मग हा माणूस लॉजवाल्याला, कंडक्टरला, हॉटेलवाल्याला पुन्हा भेटतो आणि बोलता बोलता २ तारीख त्यांच्या डोक्यात घालतो. ते साक्षीदार खोटं बोलत नाहीत. त्यांनी डोळ्यांनी बघितलेलंच ते सांगतात. दुसरी लपवलेली गोष्ट म्हणजे मढं. पोलीस मारून मारून धाकटीकडून जागा काढून घेतात, सगळ्या गावासमोर खड्डा उकरतात, तर आत मेलेलं कुत्रं. गाव खवळतं. आणि अगदी शेवटी, नव्या ठाण्यात विजय रजिस्टरवर सही करायला येतो तेव्हा आपल्याला कळतं, की ठाण्याचं बांधकाम चालू असताना एका रात्री त्यानं ते मढं तिथंच, फरशीखाली, गाडलंय. ज्या इमारतीतून शोध चाललाय तिच्याच पायात.

मी थेटरात बघितला तेव्हा इथं शिट्ट्या पडल्या. मीही हसलो. तो हशा खोटा नव्हता. चौथी नापास माणूस आयपीएसवाल्याला पुरून उरतो. ज्या ठाण्यात आपल्या बापजाद्यांना दाराबाहेर उकिडवं बसवलं, त्याच्या जमिनीखाली काय आहे हे साहेबाला माहीत नाही आणि समोर हात बांधून उभ्या असलेल्या माणसाला माहीत आहे. हे बघून ज्याला बरं वाटणार नाही तो आपल्या वस्तीतला नव्हे.

पण टाळी वाजवून झाल्यावर हात खाली घ्या आणि विचार करा. हा माणूस सुटला कशाच्या जोरावर? डोक्याच्या, असं पिक्चर म्हणतो. मला तर दिसतात बिलं. लॉजची पावती, बसचं तिकीट, हॉटेलचं बिल, थेटरचं तिकीट. वर सत्संग. गांधीजयंतीला बायकापोरांना घेऊन सत्संगाला गेलेल्या माणसावर कोण संशय घेणार? आपण गुन्ह्याच्या वेळी दुसरीकडं होतो हे सिद्ध करायला आधी दुसरीकडं असण्याची ऐपत लागते. नाक्यावर काम मिळालं नाही म्हणून दिवसभर झाडाखाली पडून राहिलेल्या माणसाकडं त्या दिवसाची कसली पावती असते? शेण गोळा करत फिरलेल्या बाईला कोण कंडक्टर ओळखतो? पारध्याच्या पालावर पोलीस येतात तेव्हा तो त्या रात्री कुठं होता हे पालावरची वीस माणसं सांगतात. वीसांची वीस साक्ष कुचकामी, कारण सांगणारेही पारधीच. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. हवालदाराच्या डोक्यातून तो अजून जायचाय. साळगावकरच्या साक्षीदारांवर पोलीस विश्वास ठेवतात, कारण ते दुकानदार आहेत, मालक आहेत, नोकरदार आहेत. तेव्हा 'आपल्यातलाच एक' म्हणून या नायकाला खांद्यावर घेताना जरा थांबा. मल्याळममधला नायक जॉर्जकुट्टी, ख्रिस्ती. तिथं सत्संगाच्या जागी चर्चचं ध्यानशिबिर. गोष्ट गोव्यात आणली, जिथं ख्रिस्ती माणूस शोधावा लागत नाही, आणि नायक मात्र साळगावकर झाला. आयजीला आडनाव दिलं वतनाचं, देशमुख. आडनावं आपोआप पडत नसतात, मित्रहो.

आता खऱ्या साक्षीदारांची गोष्ट. भंडारा जिल्हा, खैरलांजी, सप्टेंबर २००६. एका बौद्ध कुटुंबाच्या बाजूनं उभं राहणाऱ्या माणसाला मारहाण झाली होती. मारणारे कोण होते हे त्या घरातल्या मायलेकींनी पोलिसांना सांगितलं. त्यांनी तारीख फिरवली नाही, पाठांतर केलं नाही, बघितलं ते सांगितलं. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव घरावर आला. आई, मुलगी, दोन मुलगे, चौघांनाही मारून टाकलं. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची शिक्षा केली. अॅट्रॉसिटीचा कायदा दोन्हीकडं लागला नाही. हा सूड होता, जात नव्हे, असं ठरलं. साक्ष दिली म्हणून सूड, आणि साक्ष देण्याची हिंमत कुणी केली म्हणून राग आला, हे विचारायचं नाही.

दोन्हीकडं आई आहे, मुलगी आहे, पोलिसांपुढची जबानी आहे. पडद्यावर खोटी तारीख सांगणारं घर वाचतं. गावात खरं नाव सांगणारं घर संपतं. 'दृश्यम'ला मी यासाठी दोष देत नाही की त्यानं खैरलांजी दाखवली नाही. ती त्याची गोष्टच नव्हे. दोष देतो तो यासाठी, की साक्ष म्हणजे डोक्याचा खेळ, असं तो पोरांच्या मनावर ठसवतो. आपल्याकडं साक्ष म्हणजे जीव. कोर्टात उभं राहून बोट दाखवायचं आणि मग त्याच गावात, त्याच विहिरीवर परत जायचं.

आता माराकडं येऊ. पिक्चरमधला सगळ्यात जीवघेणा भाग तोच. सगळं कुटुंब पोलिसांच्या ताब्यात. गायतोंडे नावाचा सबइन्स्पेक्टर बापाला तुडवतो, बाईला मारतो, पोरींना मारतो. आयजीबाई समोर उभी राहून करवून घेते. या घरानं मढं लपवलंय हे आपल्याला माहीत असतं, तरी आपण त्या मारानं कळवळतो. इथं पिक्चर एका खऱ्या प्रश्नाच्या उंबऱ्यापर्यंत येतो. गुन्हा केलेल्या माणसालाही मारायचा अधिकार पोलिसाला आहे का? आणि तिथं पोचल्यावर खड्ड्यात कुत्रं टाकून पळ काढतो. कारण गाव खवळतं ते कुत्रं निघाल्यावर. निर्दोष माणसाला मारलं म्हणून. खड्ड्यात पोरगं निघालं असतं तर? तर तेच गाव म्हणालं असतं, बरं झालं हाणलं.

याहून वाईट गोष्ट पुढं आहे. पिक्चरमध्ये मार लागू पडतो. चिमुरडी मार बघून, मार खाऊन खरं बोलते. आयजीचा तर्कही बरोबर असतो. म्हणजे मारलं की सत्य बाहेर येतं, फक्त समोरचा जास्त हुशार निघाला, असा हा हिशेब. ज्यांनी कोठडीबाहेर रात्र काढली आहे त्यांना विचारा. मी एका ठाण्याच्या व्हरांड्यात, चोरीच्या संशयावरून आत नेलेल्या पोराच्या आईजवळ बसलो होतो. आतून आवाज येत होता. पोरानं तीन चोऱ्या कबूल केल्या. त्यातली एक झाली तेव्हा तो हॉस्पिटलात पडून होता. मारानं सत्य निघत नाही, मारणाऱ्याला हवं ते निघतं.

हे कायद्यालाही माहीत आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम २५ आणि २६ होती. पोलिसापुढचा कबुलीजबाब चालत नाही. पण लगेच खाली कलम २७. आरोपीनं ताब्यात असताना सांगितलं आणि त्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. म्हणून तर 'रिकव्हरी'ला एवढा भाव. सांगायला लावा, उकरा, पंच बोलवा, सह्या घ्या. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, त्यात हे सगळं कलम २३ मध्ये एकत्र बसवलंय. दार बदललं, भोक तेच. गायतोंडेला ते खड्डा उकरणं एवढं का हवं होतं, ते या कलमात आहे. आणि साक्षीदार म्हणून चौकशी करायची तर बाईला तिच्या राहत्या घराशिवाय दुसरीकडं बोलावता येत नाही, हे जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १६० मध्ये होतं, आता नव्या संहितेच्या १७९ मध्ये आहे. कुणालाही अटक करताना काय पाळायचं याची यादी सुप्रीम कोर्टानं डी. के. बसू खटल्यात १९९६ सालीच घालून दिली. शेकडो पिक्चर बघितलेला हा नायक यातलं एक कलम स्वतःच्या पोरींसाठी उच्चारत नाही. कारण कलम उच्चारलं तर गोष्ट तिथंच थांबेल.

आणि माराची भरपाई कोण करतो? गायतोंडे. गाव त्याला धरून बडवतं, त्याची नोकरी अडचणीत येते. तो हलकट आहे, लाचखोर आहे, त्याला मार पडला याचं मला दुःख नाही. पण हुकूम कुणाचा होता? आयजीबाई राजीनामा देते, डोळ्यांत पाणी आणते आणि नवऱ्यासोबत सभ्यपणे पडद्यावरून जाते. तिच्यावर गुन्हा नाही, चौकशी नाही. खालच्यानं मारायचं, वरच्यानं रडायचं. साहेबाचं दुःख मोठं आणि हवालदाराची क्रूरता मोठी, अशी वाटणी आपण खऱ्या चौकशी अहवालांतही वाचतो.

एक माणूस या सगळ्यात गडप होतो. अंजू. सगळ्या पिक्चरमध्ये स्वतःच्या हिमतीनं काही करणारी तीच. दांडा तिनं उचलला. पण पुढची गोष्ट बापाची. तिनं गप्प राहायचं, पाठ केलेलं बोलायचं आणि घाबरायचं. व्हिडिओ काढणाऱ्या पोराविरुद्ध कायदा होता. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा २०१२ चा, चोरून बघण्या-चित्रण करण्याचं कलम २०१३ चं. पिक्चर २०१५ चा. तरी ठाण्यात जावं हे त्या घरात कुणाच्या मनात येत नाही. पुढं समजतं की पोरगा आयजीचा, म्हणजे ठाणंच त्याच्या आईचं. पण त्या रात्री मायलेकींना हे ठाऊक नसतं. त्यांना अडवते ती इज्जत. व्हिडिओची लाज काढणाऱ्याला नाही, जिचा काढला तिला. पिक्चर ही लाज जशीच्या तशी उचलतो आणि तिच्यावर पावणेतीन तास उभा राहतो. पोरीनं मान वर करून, 'लाज त्याला वाटायला पाहिजे, मी का लपू?' असं एकदा म्हटलं असतं, तर बापाच्या हुशारीचा डोलारा खाली आला असता.

कामतचा आधीचा मराठी पिक्चर आठवा. २००५ चा 'डोंबिवली फास्ट'. तिथं माधव आपटे नावाचा बँकेतला माणूस भ्रष्टाचारावर चिडून बॅट उचलतो आणि शेवटी पोलिसांच्या गोळीनं मरतो. दहा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाचा साळगावकर गप्प बसतो आणि वाचतो. ओरडला तो मेला, लपवलं तो जगला. दोघंही एकटे. दोघांच्या मागं ना संघटना, ना वस्ती, ना वकील. मध्यमवर्गाला व्यवस्थेशी लढणारा माणूस हवा असतो, पण एकटाच हवा असतो.

आता त्या शेवटाकडं परत. ठाण्याच्या फरशीखाली मढं. मला या दृश्यात दुसरं ठाणं दिसतं. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, २६ मार्च १९७२ ची रात्र. तक्रारीच्या कामासाठी आलेली आदिवासी पोरगी, ठाण्यातले दोन पोलीस. नातेवाईक बाहेर उभे होते. सेशन कोर्टानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. अंगावर खुणा नाहीत, ओरडल्याचा पुरावा नाही. १९७९ साली चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलावा लागला. ठाण्याखाली काय गाडलंय हे गरीब माणसाला पिक्चरच्या आधीपासून माहीत आहे. म्हणून तर शिट्ट्या पडतात. फक्त पिक्चरनं आपलं हे ज्ञान घेतलं आणि त्याजागी साहेबाच्या पोराचं मढं ठेवलं. रहस्य आपलं, मढं त्यांचं.

चिनी पिक्चरमध्ये, २०१९ साली, शेवट बदलला. तिथं नायक गुन्हा कबूल करतो. तोही मला पटत नाही. राज्याला दुखवायचं नाही म्हणून केलेला शेवट वाटतो. आपल्याकडं २०२२ साली हिंदीत दुसरा भाग आला. त्यात ठाण्याखालचा सांगाडा पोलिसांना मिळतो, पण नायकानं आधीच तजवीज केलेली असते. कबरी खोदणाऱ्याच्या मदतीनं मिळवलेली दुसऱ्याच कुणाची तरी हाडं तपासणीत पुढं येतात. पुन्हा टाळ्या. ती हाडं कुणाची, त्याचं घर कुठं, त्याची आई कुठाय, हे थेटरात कुणी विचारत नाही. पहिल्या भागात साहेबाच्या पोराच्या जागी कुत्रं, दुसऱ्या भागात बिनानावाचा माणूस. कुत्रं चालतं तिथं तोही चालतो.

म्हणून पिक्चर बघू नका असं मी म्हणत नाही. उलट अभ्यासवर्गात लावा. तीन जागी थांबवा. पणजीची बिलं निघतात तिथं थांबवून पोरांना विचारा, गेल्या आठवड्यात तू कुठं होतास याचा तुझ्याकडं कसला कागद आहे. मार सुरू होतो तिथं थांबवून कलमं फळ्यावर लिहा. सुप्रीम कोर्टानं २ डिसेंबर २०२० ला प्रत्येक ठाण्यात, कोठडीतसुद्धा, कॅमेरे लावायचा हुकूम दिलाय हेही लिहा, म्हणजे 'कॅमेरा बंद होता' असं ठाण्यात सांगतील तेव्हा पोरं गप्प बसणार नाहीत. आणि कुत्रं निघतं तिथं थांबवून विचारा, खड्ड्यात पोरगं निघालं असतं तर हा मार बरोबर ठरला असता काय? या तिसऱ्या प्रश्नावर भांडणं होतील. होऊ द्या. उत्तर घाईनं देऊ नका.

शेवटचं साक्षीदारांबद्दल. अॅट्रॉसिटीच्या कायद्यात कलम १५अ आलं, २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण, येण्याजाण्याचा खर्च, केसची माहिती, हे सगळं हक्कानं मिळायचं. किती तालुक्यांत आपण ते मागितलं? साळगावकरनं आपल्या घराला खोटं कसं सांगायचं ते शिकवलं आणि त्याचं घर वाचलं. आपल्याला खरं सांगणारं घर वाचवायचंय. त्याला एका माणसाचं डोकं पुरत नाही. तारखेला तिच्यासोबत एसटीत बसणारी चार माणसं लागतात, आणि संध्याकाळी तिला दारापर्यंत सोडणारी.